ब्रुनोचा मागचा डावा पाय

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली. मागच्या डाव्या पायात, गुडघ्याच्या जरा वर, हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखं पोखरलेलं दिसत होतं. कडेने बारीक रेषा बाहेर फुटल्या होत्या. टेबलाखाली ब्रुनो माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातल्या मांजरीकडे बघून हळूच गुरगुरत होता. "हाडाचा कॅन्सर दिसतोय. सुईने नमुना घेतलाय, रिपोर्ट येईलच. पण पाय काढावा लागेल हे धरून चला. घरी बोला, आणि फार दिवस लावू नका," डॉक्टर म्हणाले.

नागपूरहून सावनेर चाळीसेक किलोमीटर. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, पाटणसावंगी गेलं, तरी गाडीत कोणी बोललं नाही. ब्रुनोने मात्र नेहमीसारखं काचेच्या फटीतून नाक बाहेर काढलं होतं. संत्र्यांचा ट्रक शेजारून गेला तेव्हा तो दोनदा भुंकला.

त्याला आठ दिवस झाले. रिपोर्टही आला, डॉक्टरांचा अंदाज खरा होता. या आठ दिवसांत घरात, गल्लीत आणि दवाखान्याच्या बाकावर जे ऐकलं, जे वाचून काढलं आणि रात्री त्याच्याजवळ बसून जे मनात आलं, ते इथे मांडतो आहे. आमच्या घरापुरतं उत्तर मला बहुतेक सापडलंय. पण सावनेरसारख्या तालुक्याच्या गावात आता गल्लोगल्ली लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड आहेत, आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली येणाऱ्या कुत्र्यांची तर मोजदादच नाही. हा प्रश्न आणखी काही दारांत येणार आहे. आला की विचाराला फार तर आठवडाभर मिळतो, म्हणून तो आधीच करून ठेवलेला बरा.

पहिलं मत समोरच्या काकाजींचं. सगळं आयुष्य वावरात गेलेला माणूस. ओट्यावर बसून त्यांनी ब्रुनोच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाय काहून कापता जी? बैलाचा पाय गेला का बैल गेला. त्याले मोकळं करून टाका. हाल नका करू मुक्या जिवाचे." हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. पोळ्याला शिंगांना बेगड लावून ज्याला मिरवलं, त्या बैलाचा पाय बांधावरून घसरून मोडला होता, आणि तो पुन्हा उठला नाही. ती गोष्ट ते मला तिसऱ्यांदा सांगत होते, पण या वेळी मी ती नीट ऐकली.

दुसरं मत आईचं. "देवानं चार पाय देले, तीन करणारे आपण कोण?" तिसरं मुलीचं. ती दहावीला आहे. ब्रुनो घरात आला तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती म्हणाली, "बाबा, काहीही करा, पण तो जगला पाहिजे."

या तिघांचंही मी खोडून काढणार नाही. तिघांच्याही म्हणण्यात खरं आहे आणि तिघांच्याही म्हणण्यात काहीतरी राहून गेलंय.

काकाजींचं आधी घेतो, कारण आपल्या भागात बहुतेकांच्या मनात तेच असतं. कापूस-संत्र्याच्या या तालुक्यात जनावर म्हटलं की डोळ्यांसमोर बैल येतो. चारशे किलोच्या बैलाचा एक पाय गेला तर उरलेल्या तीन खुरांवर तो भार पेलत नाही. घोड्याचं तर आणखी वाईट. धडधाकट पायावर सगळं वजन आलं की त्या पायाचं खूरच आतून सुजून निकामी होतं. तेव्हा पाय गेला की जनावर गेलं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव चुकीचा नाही. तो जड जनावरांचा अनुभव आहे, आणि आपण तो जसाच्या तसा कुत्र्याला लावतो. कुत्र्याचं शरीर हलकं, पाठीचा कणा लवचीक, शेपटी तोल सावरायला. त्याच्या वजनातला सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि 40 टक्के मागच्या दोन पायांवर. मागचा एक पाय गेला की तो शरीर थोडं पुढे झुकवतो, उरलेला मागचा पाय पोटाच्या मध्यरेषेखाली आणतो आणि चालू लागतो. गंमत अशी की तीन पायांवर पळणं त्याला सोपं जातं. अवघड जातं ते एका जागी उभं राहणं आणि सावकाश चालणं. पुढचा पाय गेला तर कष्ट जास्त, कारण जास्त भार तिथेच असतो. तरीही बहुतेक कुत्री तेही निभावतात.

सावनेरच्या बसस्टँडवर किंवा चहाच्या टपरीपाशी तीन पायांवर फिरणारा कुत्रा पाहिला नाही असा माणूस सापडणार नाही. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. पण त्यांच्याकडे बोट दाखवून "बघा, जमतं की" म्हणताना मी स्वतःला थांबवतो. आपल्याला दिसतात ती वाचलेली कुत्री. जी नाल्याच्या कडेला चार दिवस विव्हळून गेली, ती कोणाच्या हिशेबात नसतात.

आता मुद्द्याचं, जे आमच्या गल्लीतल्या चर्चेत कुठेच आलं नाही. कुत्र्याचा पाय कापणं ही शस्त्रक्रिया एकच असली तरी ती दोन अगदी वेगळ्या कारणांनी होते, आणि त्या दोन्हींना एकच उत्तर देता येत नाही.

एक कारण अपघात. आमच्या मागच्या गल्लीत टायगर नावाचा देशी कुत्रा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला ट्रकचा धक्का लागला. हाड मोडलं नव्हतं, म्हणून घरचे निश्चिंत राहिले. पण खांद्यातून पायात उतरणाऱ्या नसा मुळापासून ओढल्या गेल्या होत्या. पुढचा पाय लोंबता राहिला. चालताना पंजा उलटा होऊन रस्त्यावर घासायचा. पंजाची वरची कातडी गेली, मांस उघडं पडलं आणि पावसाळ्यात त्यात अळ्या झाल्या. रोज हळद, रोज चिंधी, रोज तीच जखम. चार महिने गेले. अशा पायात जीव परत येत नाही. मुळापासून तुटलेल्या नसा जुळत नाहीत. शेवटी नागपुरात नेऊन फऱ्यासकट पाय काढला, आणि पंधरा दिवसांनी टायगर मोटारसायकलींच्या मागे धावत होता. त्याच्यासाठी तो पाय म्हणजे गळ्यात बांधलेलं ओझं होतं. तिथे पाय गेला म्हणजे दुखणं गेलं, आणि पुढचं सगळं आयुष्य मोकळं झालं. अशा वेळी "थोडं थांबून बघू" म्हणण्याने कुत्र्याच्या पदरात चार महिन्यांच्या यातना पडतात, दुसरं काही नाही. मोडलेल्या हाडाची गोष्ट मात्र निराळी. ते प्लेट, सळई किंवा बाहेरून बसवलेल्या पिनांनी जोडता येतं का, हे आधी बघायलाच हवं. पाय वाचण्यासारखा असताना केवळ स्वस्तात पडतं म्हणून कापणं हा अन्याय आहे. पण तो पाय वाचवायला दोन-तीन शस्त्रक्रिया लागणार असतील आणि शेवटी तो आखडलेलाच राहणार असेल, तर तेही डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.

दुसरं कारण ब्रुनोचं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हाडाचा जो कॅन्सर सर्रास आढळतो, ऑस्टिओसार्कोमा, तो बहुधा मनगटाजवळ, खांद्याजवळ किंवा गुडघ्याजवळ होतो. छातीच्या एक्स-रेत रोगनिदानाच्या वेळी बहुतेकांची फुप्फुसं स्वच्छ दिसतात. पण तोवर शंभरातल्या नव्वदांहून अधिक कुत्र्यांत त्याचे सूक्ष्म कण रक्तातून बाहेर गेलेले असतात. इथे पाय काढल्याने रोग जात नाही. दुखणं जातं. नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांत जातात. त्यानंतर केमोथेरपी दिली, म्हणजे साधारण दर तीन आठवड्यांनी एक अशी चार ते सहा सलाईनं, तर हा काळ दहा-बारा महिन्यांपर्यंत जातो. दोन वर्षं गाठणारी शंभरात वीसेक. माणसाच्या केमोत होतात तितके हाल बहुतेक कुत्र्यांचे होत नाहीत, कारण डोस मुळात कमी ठेवतात. बरं करणं हा उद्देशच नसतो, बरे दिवस वाढवणं हा असतो.

हे आकडे मी मुलीपासून लपवले नाहीत. "तो जगला पाहिजे" याचा अर्थ तिच्या मनात होता, आधी होता तसा जगला पाहिजे, खूप वर्षं. ते कोणाच्या हातात नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "चार महिन्यांसाठी पाय कापायचा?"

या एका प्रश्नाभोवती सगळं फिरतं. दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

न कापण्याच्या बाजूने बोलायचं तर, मोठी शस्त्रक्रिया आहे. भूल आहे, टाके आहेत, दहा-चौदा दिवस गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा आहे. पहिले काही दिवस तो गोंधळलेला असतो. कापलेल्या पायाच्या जागी, म्हणजे नसलेल्या पायात, कळा येतात असं माणसं सांगतात, आणि कुत्र्यांतही तसं होत असावं अशी लक्षणं दिसतात. त्यासाठी गॅबापेंटिनसारखी औषधं देतात. आयुष्यातले थोडे दिवस उरलेले असताना त्यातले पंधरा दिवस यात घालवायचे? आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे बाकीचे तीन पाय संधिवाताने धरलेले असतील, खुब्याचे सांधे झिजलेले असतील, वजन बेसुमार वाढलेलं असेल, तर तो तीन पायांवर उभाच राहू शकणार नाही. अशा कुत्र्याचा पाय कापणं म्हणजे आपल्या समाधानासाठी त्याला खाटेला खिळवणं.

कापण्याच्या बाजूने बोलायचं तर, न कापल्यावर काय होतं तेही तितक्याच स्पष्टपणे पाहायला हवं. लोक समजतात, नाही कापला तर जसं चाललंय तसं चालेल. तसं चालत नाही. हाडाच्या कॅन्सरचं दुखणं साध्या वेदनाशामकांना फार दिवस दाद देत नाही. रेडिएशनने किंवा हाड घट्ट करणाऱ्या औषधांनी थोडा काळ आराम पडतो. ते नसेल तर साधारण एक ते तीन महिन्यांत दुखणं हाताबाहेर जातं. शिवाय पोखरलेलं हाड कुठल्याही क्षणी मोडतं, पायरी उतरताना, दाराशी कोणी आलं म्हणून उडी मारताना. ते मोडलेलं हाड जुळत नाही. म्हणजे ठरवायचं टाळलं तरी ठरतंच, फक्त ते रात्री दोन वाजता, कुत्रा किंचाळत असताना ठरतं.

ब्रुनोचं दुखणं ओळखायला मला फार वेळ लागला, हे इथे लिहून ठेवतो. दिवाळीच्या आसपास तो लंगडू लागला. लचक भरली असेल म्हणून आम्ही तेल चोळलं. चार दिवस बरा वाटला. एका ठिकाणी दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, पुन्हा आठवडा बरा गेला. स्कूटरचा आवाज आला की शेपटी हलायचीच, ताटलीतली पोळी संपायचीच, मग दुखत असेल असं कसं वाटणार? आता रात्री जागा राहून पाहतो तेव्हा कळतं. दीड-दोनच्या सुमारास तो उठतो, जागेवरच तीन-चार गिरक्या घेतो, बसतो, पुन्हा उठतो. तोंड मिटलेलं, धाप लागलेली. मग गुडघा चाटत बसतो. तिथले केस ओले होऊन तांबूस झालेत. सकाळी आई उठून चुलीशी गेली की हाच ब्रुनो शेपटी हलवत तिच्यामागे जातो आणि आई म्हणते, "आज बरा हाय." कुत्रं दुखणं लपवतं. ते लबाडीने नाही, त्याच्या रक्तातच आहे ते. कळपात लंगडा दिसला की मागे पडायची भीती. म्हणून शेपटीवरून ठरवू नये. रात्रीवरून ठरवावं. आणि एक कळकळीची विनंती, घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात; पॅरासिटामॉलही जास्त झालं तर यकृत जातं.

परदेशात ज्यांनी कुत्र्यांचे पाय काढले त्यांना नंतर काय वाटलं, याची एक पाहणी 2015 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली होती. 64 कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं. 58 जण म्हणाले, स्वभावात काही फरक पडला नाही. 56 जणांच्या मते कुत्र्याचं जगणं पूर्वीसारखं किंवा जवळजवळ पूर्वीसारखं झालं. 50 जणांना तो अपेक्षेपेक्षा चांगला सावरल्यासारखा वाटला. पुन्हा वेळ आली तर हेच करू म्हणणारे 55. मला हे वाचून धीर आला, पण दोन गोष्टी टिपून ठेवल्या. उत्तरं मालकांची आहेत, कुत्र्यांची नाहीत. आणि जड कुत्र्यांची गाडी हलक्यांइतकी सुरळीत चालली नव्हती. ब्रुनो 34 किलोंचा आहे. 30 असायला हवा होता. ते चार किलो आमच्या लाडाचे आहेत, तूप लावलेल्या पोळीचे.

कृत्रिम पायाबद्दल अनेकांनी विचारलं. जयपूर फूट आपल्याला 1968 पासून माहीत आहे, आणि जयपूरच्याच डॉ. तपेश माथुरांनी गाईंसाठी कृत्रिम पाय केले आहेत. पण असा पाय बसवायला खाली खुंट उरावा लागतो. कुत्र्याचा पाय बहुधा लांब खुंट न ठेवता, मागचा मांडीच्या मध्यावरून किंवा खुब्यातून काढतात, कारण अर्धवट उरलेला भाग तो जमिनीला टेकवत राहतो आणि तिथे जखमा होतात. कॅन्सरमध्ये तर गाठीपासून दूर जाऊनच कापावं लागतं. तेव्हा ब्रुनोसारख्याला त्याचा उपयोग नाही. आणि मागचा पाय गेलेल्याला सहसा त्याची गरजही पडत नाही.

आता पैशाचं आणि अंतराचं, कारण सावनेरमध्ये बऱ्याचदा निर्णय हेच दोघे घेतात. एक्स-रे, रक्ततपासणी, भूल, शस्त्रक्रिया, नंतरच्या गोळ्या, केमो घ्यायची तर प्रत्येक वेळी नागपूरची फेरी. आमचं पगारदार घर आहे, आम्ही ओढाताण करून निभावू. रोजमजुरीच्या घराला हे झेपणार नाही, आणि ते नाही म्हणाले तर त्यांची माया कमी होती असं कोणी म्हणू नये. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर शालीत गुंडाळलेला पांढरा पॉमेरियन. लाजत म्हणाल्या, "भाऊ, पोराची फी भरायची हाय. याचं इतकं नाई जमत." त्यांना लाज वाटावी असं काहीच नव्हतं. योग्य वेळी, पशुवैद्याच्या हातून, घरच्यांच्या मांडीवर डोकं असताना दिलेलं मरण हाही उपचारच आहे. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदादेखील, जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशी वेळ येते, हे मान्य करून त्यासाठी तरतूद करतो. काकाजी जे म्हणत होते त्याची खरी जागा ही आहे: जिथे तीन पाय पेलणार नाहीत, जिथे रोग फुप्फुसात दिसू लागलाय, जिथे घर खरोखरच करू शकत नाही. माझा राग आहे तो कापायचंही नाही आणि निरोपही द्यायचा नाही, मागच्या अंगणात बांधून ठेवायचं आणि "बघू" म्हणत राहायचं, यावर. कुत्र्याला गाडीत घालून लांबच्या रस्त्यावर सोडून येणारेही मला माहीत आहेत. त्यावर लिहायला शब्द नाहीत.

उशीर कोणालाही होतो. रतन टाटांनी स्वतः सांगितलं होतं की ते आपल्या कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले, पण तोवर वेळ निघून गेली होती. डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा आखडून टाकावा लागला. तिथलं रुग्णालय त्यांनी पाहिलं, आणि 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला पाच मजली प्राणी रुग्णालय उभं राहिलं. खर्च 165 कोटी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. पैशाची, विमानाची, जाणत्या माणसांची कशाचीच कमतरता नसलेल्या घरातल्या कुत्र्यालाही उशीर झाला, ही गोष्ट गेले आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांचं उदाहरण मी दिवाळीच्या तेलमालिशीचं समर्थन म्हणून देत नाही. उलट, त्यामुळे माझी चूक मला जास्तच टोचते.

आणि म्हणून एक सार्वजनिक मागणीही करावीशी वाटते. सावनेरपासून मुंबई आठशे किलोमीटरच्या घरात. महालक्ष्मीचं रुग्णालय आमच्यासाठी कौतुकाची गोष्ट. आमचा आधार नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1958 पासूनचं, आज माफसू म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालचं. तिथे शस्त्रक्रिया शिकवल्या जातात आणि केल्याही जातात. पण तिथपर्यंत पोचायच्या आधीची पायरी तालुक्यात हवी. गावात शासकीय दवाखान्याला लोक अजून ढोरांचा दवाखाना म्हणतात, आणि त्याचं पहिलं काम गाई-म्हशी-बैलांचंच असायला हवं. ज्याचं घर दुधावर चालतं त्याच्या म्हशीपुढे माझा ब्रुनो रांगेत मागे उभा राहील. 1962 या फोन नंबरवर येणारी फिरत्या पशुदवाखान्याची गाडीसुद्धा आधी गोठ्यात जाते, ते योग्यच आहे. मागणी एवढीच आहे की तालुक्याच्या ठिकाणी लहान जनावराचा एक साधा एक्स-रे निघावा. मोठी कुत्री दोन आठवड्यांहून जास्त लंगडली तर फोटो काढा, एवढं जरी गावात रुजलं आणि तो फोटो गावातच निघाला, तर निम्मे उशीर टळतील. शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जायला आमची ना नाही.

आईच्या प्रश्नाकडे अजून गेलो नाही. "तीन करणारे आपण कोण?" माणसाचा पाय काढायचा तर तो माणूस स्वतः सही करतो. इथे सही माझी असणार आहे आणि पाय त्याचा. हे ओझं मला खोटं वाटत नाही. कापणाऱ्याच्या मनावर ते राहायलाच हवं. पण न कापतानाही सही माझीच आहे, ती कागदावर दिसत नाही इतकंच. मी आईला म्हटलं, त्याला विचारता आलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं? त्याला पाय किती हे ठाऊक नाही. आरशात बघून तो कष्टी होणार नाही, लोक काय म्हणतील याची त्याला फिकीर नाही, पुढच्या वर्षाची त्याला कल्पना नाही. त्याला ठाऊक आहे ते आज रात्री गुडघ्यात काय होतंय ते. चार महिने म्हणजे आमच्यासाठी थोडे. कळ नसलेल्या चार महिन्यांतली प्रत्येक सकाळ त्याच्यासाठी पूर्ण सकाळ असते. मुलीला मी हेच उत्तर दिलं. तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. तिने त्याचा पट्टा घेतला आणि त्याला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं.

ब्रुनोचं तोलून पाहिलं ते असं. पाय मागचा आहे. दुसरा मागचा पाय आणि खुबे एक्स-रेत चांगले आहेत. फुप्फुसं आज तरी स्वच्छ दिसतात. वय आठ. रक्तात प्लेटलेट कमी आल्या, गोचीड तापाने. आपल्या भागातल्या कुत्र्यांत हे नेहमीचंच, आणि ते न तपासता टेबलावर घेतलं असतं तर रक्तस्राव थांबला नसता. त्याच्या गोळ्या सुरू आहेत. पुढच्या सोमवारी पुन्हा रक्त तपासून शस्त्रक्रिया. केमो किती द्यायची ते आत्ता ठरवलेलं नाही. पहिलं सलाईन तो कसं सोसतो ते पाहून पुढचं. यातली एक जरी गोष्ट उलटी असती, पाय पुढचा असता, खुबे झिजलेले असते, छातीत डाग दिसला असता, तर मी बहुधा दुसरीकडे वळलो असतो, आणि काकाजींनाच जवळ बसायला बोलावलं असतं.

घरातल्या फरशीवर तीन पाय घसरतात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. काल बाजारातून रबरी मॅट आणल्या. दारापासून त्याच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून आईच्या खोलीपर्यंत मुलीने त्या अंथरल्या, मधल्या उंबऱ्याला लाकडी फळीचा उतार केला. आई पाय कापायला अजून राजी नाही. ती दुपारी जुनी लुगडी काढून बसली आणि चार पदरी गोधडीला टाके घालू लागली. मान वर न करता तिने विचारलं, "कोन्त्या कुशीवर झोपवाचं त्याले?"

"उजव्या," मी म्हटलं.